सांजेला उडणारी वटवाघळं कशी ओळखायची? (सांगली-सातारा)

१. संगमकाठ

संध्याकाळी आभाळात दिसणारं वटवाघूळ कोणत्या जातीचं, हे नुसत्या नजरेनं सांगता येतं का? पक्षी ओळखायला शिकले तेव्हा रंग, चोच, शीळ असं काहीतरी धरायला होतं. इथं सगळ्या काळ्या सावल्या, आणि आवाज तर आपल्या कानांना येतच नाही.

आमचं घर सांगलीत, हरिपूरच्या रस्त्याला. गच्चीवरून नदीकाठची झाडी दिसते. सध्या सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि पुढच्या दोन तासांत मला निदान चार तऱ्हा दिसतात. चांगला उजेड असतो तेव्हाच काही खूप उंचावरून सुसाट, सरळ निघून जातात. त्यांचे पंख लांब आणि निमुळते. मग अगदी चिमुकली येतात, रस्त्याच्या दिव्यांभोवती आणि दोन घरांमधल्या बोळात गिरक्या घेणारी. अंधार दाटायला लागला की नदीवरून घारीएवढी मोठी, एकामागे एक, सावकाश पंख हलवत पूर्वेकडं जातात. आणि आठ वाजून गेले की मधल्या आकाराची काही शेजाऱ्यांच्या पेरूवर नि बदामावर येऊन धडकतात. सकाळी आमच्या पोर्चच्या भिंतीवर डाग, खाली चोथा.

नावं हवी आहेत. आणि कुठवर नाव सांगणं खरं, कुठून पुढं तो अंदाज, हेही कळून घ्यायचं आहे.

२. शिराळकर

आमची आजी म्हणायची, तिन्हीसांजेला बाहेर फिरू नकोस, वाघूळ अंगाला चिकटलं तर निघत नाही. जात काय ते तिनं कधी सांगितलं नाही, पण आम्ही वेळेत घरी यायचो!

वाचतोय. चांगला विषय.

३. चिऊताई

ताई, पहिल्या तऱ्हेबद्दल आधी एक खात्री करा. उजेड असताना उंचावर दिसणाऱ्या त्या पाकोळ्या तर नाहीत ना? म्हणजे पुलाखाली, जुन्या कमानीत पिसं-काड्या लाळेनं चिकटवून घरटी करतात ते पक्षी. सांजेला परतायच्या आधी त्यांचे थवे किंचाळत घिरट्या घालतात. पाकोळीचा पंख कोयत्यासारखा वाकडा आणि ताठ. चार वेळा भरभर पंख मारून ती तरंगते. वटवाघूळ सहसा तरंगत नाही, पंख सतत हलत राहतात, आणि वळताना पक्ष्यापेक्षा फार अचानक वळतं. रातवाही याच वेळी बाहेर पडतो, पण तो खालून, झुडपांच्या उंचीनं जातो आणि त्याला लांब शेपटी दिसते.

४. संगमकाठ

पाकोळ्या ओळखते, त्या आमच्याकडं वेगळ्या दिसतातच. त्या गेल्या की ही येतात. किंचाळणं नाही, थवा नाही. दोन-तीन सुटी सुटी.

५. निशाचर

कराडहून लिहितो. माझ्याकडं डिटेक्टर (वटवाघळांच्या हाका ऐकवणारं यंत्र) आहे आणि संध्याकाळी तो घेऊन फिरायची सवय, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या बऱ्याच उडताना बघून वेगळ्या करता येत नाहीत, हे आधीच मान्य करून टाकू. पण गट बहुतेक वेळा ठरवता येतो. त्यासाठी मी पाच गोष्टी बघतो: सूर्य मावळल्यावर किती वेळानं आलं, किती उंचावर, पंखांची लय कशी, कुठून आलं आणि कुठं गेलं. आकार मी शेवटी धरतो. आभाळात मापाला काही नसलं की जवळचं लहान नि लांबचं मोठं यात डोळा हमखास फसतो.

संगमकाठताई, तुमची मोठी वटवाघळं ओळखायला सगळ्यांत सोपी. ते आपलं मोठं फळखाऊ वटवाघूळ, टेरोपस. पंखांचा पसारा सव्वा मीटरच्या घरात, वजन किलोच्याही वर जाऊ शकतं. दिवसा वड, चिंच, निलगिरी अशा उंच झाडांवर उघड्यावर लटकलेली असतात. अंधार पडताना वस्ती सोडतात आणि चरायला कित्येक किलोमीटर लांब जातात, म्हणून ती रांग आणि ती ठरलेली दिशा. ही कीटकखाऊंसारखी हाक देऊन तिच्या प्रतिध्वनीवर चालत नाहीत, डोळ्यांनी आणि नाकानं वाट काढतात. आपल्या भागात एवढं मोठं दुसरं वटवाघूळ नाही, त्यामुळं इथं जातीपर्यंत नाव लिहायला हरकत नाही.

दिव्यांभोवतीची चिमुकली म्हणजे पिपिस्ट्रेल. वजन दहा ग्रॅमच्या आत. घराच्या कौलाखाली, भिंतीच्या भेगेत, पाटीच्या मागं राहतात आणि लवकर बाहेर पडतात. पण पिपिस्ट्रेल हा गट झाला. त्यात आपल्याकडं निदान तीन जाती धरायला लागतात आणि त्या हातात घेऊनही पटकन कळत नाहीत. दातांची रचना, कवटीची मापं बघावी लागतात. वहीत 'पिपिस्ट्रेल' एवढंच लिहा, ते पूर्ण खरं असेल.

उंचावरची, लांब निमुळत्या पंखांची, उजेडातच निघालेली बहुधा टॅफोझस. जुने वाडे, किल्ल्यांच्या भिंती, कड्यांच्या कपारी ही त्यांची जागा. त्याच उंचीवर सुट्या शेपटीचं टॅडारिडाही उडतं, तेही अरुंद पंखांचं आणि वेगवान. या दोघांत नुसत्या नजरेनं निवाडा करायचं धाडस मी करणार नाही.

पेरूवरची सायनोप्टेरस असावीत, छोट्या नाकाची फळखाऊ. पण रुसेटस, तेही मधल्या आकाराचं फळखाऊ, असू शकतं. त्याबद्दल पुढं लिहितो, आत्ता भाकरी थांबली आहे.

६. शिराळकर

भाकरीला प्राधान्य. +१

७. कॅमेरावाला

निशाचर यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण 'नुसत्या नजरेनं होत नाही' हे जरा जास्तच निराशेचं वाटलं. आजचे कॅमेरे बघा. पेरूच्या झाडासमोर कॅमेरा रोखून ठेवला, शटर वेगात ठेवलं, तर वटवाघळाच्या कानाची कडसुद्धा दिसते. सायनोप्टेरसच्या कानाला फिकट पांढरी किनार असते आणि पंखातल्या बोटांची हाडं फिकट उठून दिसतात. रुसेटसच्या कानाला ती किनार नसते. हे फोटोत स्वच्छ कळतं. बऱ्याच फोनमध्येही हल्ली स्लो-मोशन असतं, त्यात पंखांची लय मोजता येते. आपण साधनं वापरली नाहीत म्हणून 'होत नाही' म्हणू नये.

८. निशाचर

कॅमेरावाले दादा, फळखाऊंच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर. कानाची किनार ही सगळ्यांत भरवशाची खूण. माझा आक्षेप कीटकखाऊंपुरता आहे. पिपिस्ट्रेलचा कितीही सुंदर फोटो आणा, त्यावरून 'हीच जात' म्हणणं मला पटत नाही. आणि झाडावर चरताना एखादा फ्लॅश ठीक, पण दिवसा वस्तीवर, गुहेत, देवळाच्या गाभाऱ्यात फ्लॅश मारू नये. पिलं पोटाला असताना माद्या बिथरून उडाल्या की पिलू खाली पडतं.

९. कॅमेरावाला

वस्तीवर फ्लॅश नाही, यावर वाद नाही. पण मग कीटकखाऊंसाठी सामान्य माणसानं करायचं काय? डिटेक्टर किती जणांकडं असणार?

१०. निशाचर

थोडं आवाजाबद्दल. आपल्याला वीस किलोहर्ट्झपर्यंत (आवाज किती बारीक त्याचं माप, पुढचे आकडेही त्यातलेच) ऐकू येतं, तेही लहान वयात. वय वाढलं की वरचा भाग जातो. साधा फोन साधारण चोवीसच्या पुढचं टिपत नाही, त्यामुळं फोनवर वटवाघूळ रेकॉर्ड होत नाही म्हणून फोनला दोष देऊ नका. डिटेक्टर हे वरचे आवाज आपल्या कानांच्या आवाक्यात उतरवतो.

साध्या, चकती फिरवायच्या डिटेक्टरवरसुद्धा बरंच कळतं. चाळीस-पंचेचाळीसवर चकती ठेवून दिव्याखाली उभं राहिलं की पिपिस्ट्रेलचे टपटप टपके येतात. टॅफोझससाठी पंचवीस-तीसच्या आसपास यावं लागतं. पानासारखं नाक असलेली हिपोसिडेरॉस आणि घोड्याच्या नालासारखं नाक असलेली ऱ्हायनोलोफस एकाच सुरात हाक देतात. त्यांचे सूर बहुतेक सत्तरच्या वर, काहींचे शंभरच्याही पुढं, आणि डिटेक्टरवर ते टपटप न वाटता गुणगुणल्यासारखे येतात. किड्याजवळ पोचताना हाका इतक्या भरभर होतात की 'फर्रर्र' असा एकच आवाज येतो. तो आला की समजायचं, किडा गेला. हा आवाज पहिल्यांदा ऐकला की माणूस रात्री नऊच्या आत घरी जात नाही, हे मी कित्येकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता संगमकाठताईंच्या उंच उडणाऱ्यांबद्दल. टॅडारिडाची हाक वीसच्या आसपास असते. घरात लहान मुलं असतील तर त्यांना गच्चीवर घेऊन जा आणि 'टिक टिक ऐकू येतं का' विचारा. आपल्याला नाही आलं तरी त्यांना येऊ शकतं.

११. द्राक्षबाग

तासगाव तालुका. तुमचं सगळं वाचलं, छान आहे, पण आमची बाजूपण ऐका. मण्यात पाणी उतरलं की आमची झोप जाते. दिवसा पाखरं, रात्री ही. पाखरानं टोचलेला मणी वेगळा, ह्यांनी चोखून टाकलेला वेगळा. साल आणि चोथा खाली पडतो आणि घडातले शेजारचे मणी फुटून सडायला लागतात. एक घड सडला की वासानं माश्या येतात. निर्यातीचा माल असेल तर तो घड गेलाच. शहरातल्या गच्चीवरून बघायला छान वाटतं.

१२. चिऊताई

दादा, तुमचं नुकसान खरं आहे, कोणी नाकारत नाही. पण तुमच्या बागेत मोठी वटवाघळं येतात की लहान?

१३. द्राक्षबाग

मोठी नाहीत. मांडवाखाली शिरणारी, फिरत्या हातानं घड धरल्यासारखं लटकतात आणि पळतात. हाताच्या तळव्याएवढं अंग.

१४. निशाचर

म्हणजे सायनोप्टेरस किंवा रुसेटस, दोन्ही मधल्या आकाराची. सायनोप्टेरसची एक सवय अशी की फळ तोडून दुसरीकडं, एखाद्या ठरलेल्या फांदीवर किंवा छपराखाली नेऊन खायचं. बागेजवळच्या झाडाखाली, शेडखाली चोथ्याचे गोळे दिसले की तिथं त्यांचं जेवणाचं ठिकाण आहे असं समजा.

जाळी लावत असाल तर एक विनंती. मासे धरायच्या नायलॉन जाळ्यात ती अडकून तडफडून मरतात, घुबडं नि सापही अडकतात. बोट आत जाणार नाही इतकी बारीक, ताणून बसवलेली जाळी लावली तर घड वाचतात आणि अडकत कोणी नाही. खर्च जास्त आहे, पण दोन-चार हंगाम टिकते.

१५. माणदेशी

कायद्यानं फळखाऊ वटवाघूळ उपद्रवी प्राण्यात येतं ना? उंदीर-घुशीच्या यादीत असल्याचं वाचल्याचं आठवतंय.

१६. निशाचर

होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात कावळे, उंदीर यांच्याबरोबर फळखाऊ वटवाघळंही होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ते परिशिष्टच काढून टाकलं, आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली. त्यामुळं जुन्या यादीच्या भरवशावर कोणी मारायला जाऊ नये.

आणि दादांच्या बागेचं नुकसान एका पारड्यात टाकताना दुसऱ्या पारड्यातही बघायला हवं. उंबर, पिंपळ, वड यांच्या बिया हीच वटवाघळं नेऊन पेरतात. मोहाची, टेटूची, रानकेळीची फुलं ती रात्री फळवतात. पिपिस्ट्रेलसारखी कीटकखाऊ एका रात्रीत शेकडो किडे खातात, त्यात उसा-भाताच्या शेतावर उडणारे पतंगही आले. द्राक्षाच्या दोन महिन्यांवरून सगळ्या वटवाघळांचा निकाल लावू नये.

१७. द्राक्षबाग

मारायचा विषयच नाही. आमच्या आळीतल्या चिंचेवर मोठी बसायची तेव्हा म्हातारी माणसं कोणाला दगड मारू द्यायची नाहीत. जाळीचं बघतो. यंदा निम्म्या बागेला बारीक लावून पाहतो.

१८. वाईकर आजोबा

सगळ्यांचं वाचून जुनं आठवलं, म्हणून लिहितो. वाईला घाटावर आम्ही पोरं संध्याकाळी जमायचो. बारीक खडा वर उडवायचा, की अंधारातून एक वटवाघूळ वळून त्याच्या मागं झेपावायचं, आणि अगदी जवळ जाऊन सोडून द्यायचं. कितीही वेळा फेका. आम्हाला वाटायचं ते आपल्याशी खेळतंय.

दुसरं, आमच्या जुन्या वाड्याच्या माडीखाली एक अंधारी खोली होती. तिथं सकाळी झाडायला गेलं की जमिनीवर बेडकाचे पाय, पालीची शेपटी, पतंगांचे पंख पडलेले असायचे. आई म्हणायची, हे घुबडाचं काम. पण वर बघितलं तर तुळईला लांब कानांची वटवाघळं. ती कोणती असतील?

१९. निशाचर

आजोबा, दुसऱ्या प्रश्नानं दिवस सार्थकी लागला. ती मेगाडर्मा लायरा, मोठे कान कपाळावर एकमेकांना जुळलेले, शेपटी जवळपास नाहीच. ती किड्यांबरोबर बेडूक, पाली, उंदीर आणि लहान पक्षीसुद्धा धरतात. शिकार ठरलेल्या जागी आणून खातात आणि नको तो भाग खाली टाकतात. वस्तीखाली बेडकाचे पाय आणि पंख दिसले की मेगाडर्मा म्हणायला दुसरा पुरावा लागत नाही. ती उशिरा, पूर्ण अंधारात निघतात आणि जमिनीपासून हात-दोन हात उंचीवरून उडतात, त्यामुळं संध्याकाळी आभाळाकडं बघणाऱ्यांना ती कधीच दिसत नाहीत. बांधावर, गोठ्याच्या कडेनं बघावं लागतं. जुने वाडे पाडले की यांची जागा जाते. सिमेंटच्या घरात त्यांना आसरा नाही.

खड्याचं म्हणाल, तर हवेत उडणाऱ्या खड्याचा प्रतिध्वनी किड्यासारखा येतो म्हणून ती वळतात आणि जवळ आल्यावर फरक कळून सोडतात. मात्र आता पोरांना ते करू देऊ नका. नेम चुकला तर लागतं.

२०. वाईकर आजोबा

साठ-सत्तर वर्षांनी उत्तर मिळालं. नातवाला वाचून दाखवतो. वाडा आता नाही.

२१. गडवाट

साताऱ्याकडून थोडं. महाबळेश्वरच्या रॉबर्स केव्हमध्ये फळखाऊ रुसेटस मोठ्या संख्येनं राहतात. फळखाऊंमध्ये जिभेनं टिकटिक करून प्रतिध्वनी वापरतं ते रुसेटसच. ती टिकटिक माणसालाही थोडी ऐकू येते. पण त्या गुहेत शिरायचा मोह टाळा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या रुसेटस आणि पिपिस्ट्रेल वटवाघळांत निपाहचे पुरावे सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं होतं.

२२. पुणेकर सध्या

बाप रे. म्हणजे संगमकाठताईंच्या पोर्चमधला चोथा धोक्याचा? झाड तोडायला नको का?

२३. पशुवैद्य मिरज

घाबरून झाड तोडू नका. वटवाघळात विषाणूचे पुरावे सापडणं आणि माणसाला आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ मध्ये केरळात कोझिकोडला निपाहची साथ आली तेव्हापासून लोकांच्या मनात भीती बसली आहे, ती समजू शकतो. पण काळजी कुठं घ्यायची ते नेमकं ठरवा. चावा असलेलं फळ खायचं नाही, जनावरालाही घालायचं नाही. उघड्या मडक्यात रात्रभर गोळा झालेली कच्ची ताडी-नीरा टाळा. बांगलादेशात खजुराच्या कच्च्या रसातून लागण झाल्याचं सिद्ध झालेलं आहे. चोथा झाडताना आधी पाणी शिंपडा, म्हणजे धूळ उडत नाही. नंतर हात साबणानं धुवा. झालं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पडलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा, रेबीजच्या लसीचं ते ठरवतील. घरात शिरलं तर पंखा बंद करा, दिवे मालवा, खिडक्या सताड उघडा आणि बाहेर थांबा. बहुतेक वेळा ते आपणहून जातं. जमिनीवर बसलेलं असेल तर जाड टॉवेलनं खोक्यात घेऊन तिन्हीसांजेला झाडाच्या खोडावर उंच ठेवा. बऱ्याच जातींना जमिनीवरून उडता येत नाही.

२४. शिराळकर

आजीचं 'चिकटलं तर निघत नाही' आणि डॉक्टरांचं 'हात लावू नका', शेवटी एकच निघालं.

२५. गडवाट

एक अवांतर. या भागापासून फार लांब नाही, बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत. तिथल्या वटवाघळाचं वर्णन ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये केलं, ऑटोमॉप्स रॉटनाय. सुट्या शेपटीचं, मोठ्या कानांचं. बरीच वर्षं जगात ते फक्त त्या एका ठिकाणी आहे असंच समजलं जायचं. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. जुन्या कायद्यात सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या मोजक्या वटवाघळांत ते होतं. सांगायचा मुद्दा, आपल्याच सह्याद्रीत असं काही असताना आपल्याला घराच्या दारातल्यांचीही नावं ठाऊक नाहीत, याचं वाईट वाटतं.

२६. पुणेकर सध्या

बारापेडेला जाता येतं का? ट्रेक करू या सगळे.

२७. निशाचर

कृपा करून नको. एवढ्या थोड्या जागी राहणाऱ्या जातीच्या गुहेत गर्दी करणं म्हणजे तिला घालवणं. बघायची हौस असेल तर रस्त्याचा दिवा आणि नदीचा काठ पुरेसा आहे.

२८. चिऊताई

नदीच्या काठाबद्दल एक सूचना. मोठी वटवाघळं पाणी प्यायला पात्रावर खाली येतात, छाती पाण्याला टेकवून उठतात, ते दृश्य बघण्यासारखं असतं. पण भिलवडी-औदुंबर पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत हे विसरू नका. वर बघत काठाला अगदी टेकून उभं राहायचं नाही.

२९. संगमकाठ

सगळ्यांचे आभार. तुम्ही सांगितलेलं बघून आले, म्हणून पुन्हा लिहिते.

पोर्चमधल्या चोथ्यात पेरूच्या बिया आहेत, बदामाच्या कोयांवरचा गर कुरतडलेला आहे. डाग पातळ आणि चिकट. कॅमेरावाल्या दादांच्या सांगण्यावरून भावाच्या कॅमेऱ्यानं पेरूवर फोटो घेतले. एकात कानाची पांढरी किनार आणि पंखातली फिकट बोटं दोन्ही स्पष्ट आहेत. पाटीच्या मागून खाली पडणाऱ्या लेंड्या मात्र वेगळ्या निघाल्या. कोरड्या, उंदराच्या असतील म्हणून टाकणार होते, पण काडीनं दाबल्यावर भुगा झाला आणि त्यात चकाकणारे कण होते. भाचीला गच्चीवर नेलं. उंच उडणारी गेली तेव्हा तिला टिकटिक ऐकू आली, मला नाही.

३०. निशाचर

यापेक्षा चांगली नोंद होत नाही. मग असं लिहा.

पेरूवरचं सायनोप्टेरस स्फिंक्स, नक्की. कानाची किनार, पंखातली बोटं, आणि फळ उचलून तुमच्या पोर्चमध्ये आणून खायची सवय, तिन्ही जुळतात. नदीवरचं टेरोपस, नक्की. पाटीमागचं कीटकखाऊ, कारण उंदराची लेंडी कडक असते, तिचा भुगा होत नाही, आणि ते चकाकणारे कण किड्यांच्या कवचाचे. आकार आणि उडणं बघता पिपिस्ट्रेल गट, जात लिहू नये. उंचावरच्याची हाक भाचीला ऐकू आली म्हणजे कल टॅडारिडाकडं जातो, पण टॅफोझसच्या हाकेचा खालचा भागही एखाद्या तीक्ष्ण कानाला पोचू शकतो. तिथं दोन्ही नावं लिहून पुढं प्रश्नचिन्ह ठेवा. मी पुढच्या आठवड्यात मिरजेला येतोय, परवानगी असेल तर डिटेक्टर घेऊन तासभर गच्चीवर येतो.

३१. संगमकाठ

जरूर या. घरचे सगळे वाट बघतील, जेवूनच जायचं.

३२. कॅमेरावाला

मीपण येऊ का? फोटो आणि आवाज एकाच वेळी घेतले तर आपला वादही मिटेल.

३३. संगमकाठ

या की. गच्ची मोठी आहे.

३४. माणदेशी

धागा संपायच्या आत माझंही एक विचारून घेतो. आटपाडीकडं आमच्या रानात जुनी दगडी विहीर आहे. आतल्या कोनाड्यात, कमानीखाली दिवसा वटवाघळं लटकलेली असतात. बॅटरी मारली की डोळे चमकतात, आंबूस वास येतो आणि टिकटिक ऐकू येते. एप्रिल-मेमध्ये गाळ काढायचा आहे. ती रुसेटसच का? आणि गाळ काढताना त्यांचं काय करायचं?

३५. निशाचर

चमकणारे डोळे, आंबूस वास आणि कानाला ऐकू येणारी टिकटिक, म्हणजे रुसेटस. कीटकखाऊंचे डोळे बारीक, असे चमकत नाहीत.

गाळाचं म्हणाल, तर एप्रिल-मेमध्ये काही माद्यांच्या पोटाला पिलं असू शकतात. शक्य असेल तर काम फेब्रुवारीतच उरका. नाहीच जमलं तर सुरुंग लावू नका, कोनाडे सिमेंटनं बुजवू नका, आणि कोनाड्यांच्या समोरच्या बाजूनं यारी लावा. धूर तर अजिबात करू नका.

३६. माणदेशी

फेब्रुवारीत पाणी जास्त असतं, मोटर दोन दिवस जादा चालवावी लागेल. पण जमेल. यारीवाल्याशी बोलून बाजू ठरवतो.

३७. पशुवैद्य मिरज

खाली उतरणाऱ्या गड्यांना तोंडाला फडकं आणि हातात मोजे द्या. जुन्या विहिरीत तळाला हवा कोंदलेली असते, तेव्हा आधी तासभर पाणी वरून सोडून हवा हलवा, आणि एकट्याला उतरवू नका.